हिरव्या दाराचं हॉटेल

कुवेतमधल्या फिंतास गावच्या त्या दोन खोल्यांत गुरुवारी संध्याकाळी जे झालं त्याला बंड म्हणावं की आजारपण, ते अब्बास परकारला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. झुलेखानं स्टोव्हमधली हवा सोडली, हात धुतले, ओढणीला पुसले आणि सांगून टाकलं, की येत्या सुट्टीत हा स्टोव्ह पेटणार नाही.

अब्बास चहाचा कप हातात धरून तसाच बसला. कंपनीच्या स्टोअरमध्ये तो कारकून होता. तिथं एखादा पाइप हरवला तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. बायकोनं स्टोव्ह बंद केला तर काय करायचं, हे कुणीच शिकवलं नव्हतं.

“तब्येत बरी नाय काय?” त्यानं विचारलं.

“तब्येत चांगली आहे. मला जेवायचंय.”

“मग जेव ना. कोण नको म्हणतो?”

“दुसऱ्याच्या हातचं. मी बसायचं आणि कुणीतरी वाढायचं. एकदाच. मग हवं तर जन्मभर रांधते.”

आता यात धक्का बसण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण अब्बासचं सगळं नाव ह्याच स्टोव्हवर उभं होतं. अहमदीपासून फहाहीलपर्यंत जेवढी बाणकोट-दापोलीकडची माणसं एकटी राहत होती, ती दर जुम्याला, शुक्रवारच्या सुट्टीत, नमाज आटपून थेट त्याच्या दारात यायची. पापलेटाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी. अब्बास मध्ये बसायचा, तुकडी उजेडात धरायचा आणि मासा कसा ओळखावा, मसाला कधी टाकावा, आच कुठं कमी करावी ह्यावर बोलायचा. माणसं माना डोलवायची. अख्ख्या फिंतासमध्ये खाण्यातलं कळणारा माणूस एकच, असं सगळे म्हणत. ज्या बाईनं तो मसाला टाकलेला असायचा आणि आच कमी केलेली असायची, ती आत भाकऱ्या थापत असायची. तिला कळत असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. अब्बासच्या तर नाहीच.

तरी माणूस वाईट नव्हता. बायकोला हॉटेलात जेवू घालू, त्यात काय एवढं, म्हणून तो त्याच संध्याकाळी तिला घेऊन शहरात गेला. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, हिंदुस्थानी खानावळ होती, पण तिथं बाईमाणूस कधी आलंच नव्हतं. मालकानं आधी अब्बासकडं पाहिलं, मग झुलेखाकडं पाहिलं, आणि घाईघाईनं तांदळाच्या गोण्या एकमेकींना टाचून भट्टीशेजारी एक पडदा टांगला. पडद्याआड स्टूल एकच. झुलेखा घामानं भिजली. वर भटारखान्यातलं सगळं तिला दिसत होतं, आणि काल उरलेली डाळ आजच्या डाळीत कशी ओततात तेही दिसलं. ती न जेवताच उठली. घरी येऊन तिनंच पिठलं केलं. अब्बासनं दोनदा मागून घेतलं, तेव्हा तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तिसऱ्यांदा तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्याची मंडळी आली तर दाराला आतून कडी. सगळ्यात जास्त हादरला तो हुसेन, वर्कशॉपातला फिटर. खिशात लिंबू घेऊनच जेवायला येणारा गडी. त्यानं खिडकीतून विचारलं, की कोण वारलं. सुट्टीत जेवण नाही हे कळल्यावर तो ओट्यावर बसला आणि भाबींना माहेरची आठवण येत असेल, हवा बदलली पाहिजे, पण दुपारच्या जेवणानंतर, असं बराच वेळ समजावत राहिला.

हवा बदलण्याचा मुद्दा शेजारच्या मजीदनं उचलला. मजीद कंपनीच्या ट्रान्सपोर्टमध्ये होता. मोटारीतून फिरणाऱ्या माणसाला जगाची माहिती असते, असा त्याचा स्वतःचा समज होता आणि हळूहळू बाकीच्यांचाही झाला होता. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, शहरात काय खाताय, फैलकाला जा.

फैलका हे समोरचं बेट. मागच्या हिवाळ्यात एका इंजिनीअरचं सामान पोचवायला मजीद तिथं गेला होता. तिथलं जेवण तो सांगायला लागला तेव्हा हुसेनसुद्धा गप्प झाला. समुद्रातून काढलेला मासा थेट चुलीवर. वाळलेल्या लिंबाचा वास मारणारा भात. परातीएवढं ताट.

“पण हॉटेल कुठं आहे?” अब्बासनं विचारलं.

“धक्क्यावरून सरळ वर जा. हिरवं दार. बोर्ड-बिर्ड काय नाय. खरं चांगलं हॉटेल बोर्ड कशाला लावील? आत जायचं, चपला काढायच्या, बसायचं. काय हवं ते विचारत नाहीत. असेल ते पुढ्यात येतं.”

“आणि बायकांचं?” हे दाराआडून झुलेखानं विचारलं.

“त्यांची खोली वेगळी, भाबी. मागच्या दारानं जातात. मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय.”

गोण्यांचा पडदा नसलेली, बायकांसाठी वेगळी खोली. झुलेखानं त्याच क्षणी ट्रंक उघडून कपड्यांचा चांगला जोड बाहेर काढला.

निघणं मात्र सोपं नव्हतं. स्टोअरचा साहेब स्कॉटलंडकडचा. सुट्टीला जोडून एक दिवस जास्त कशाला हवा, असं त्यानं विचारलं. अब्बासनं खरं ते सांगितलं, की जेवायला जायचंय. साहेबाला वाटलं हा कँटीनविरुद्ध तक्रार करतोय. त्यानं कँटीनवाल्याला बोलावून अब्बाससमोर झापलं. तेव्हापासून कँटीनवाला अब्बासला चहात साखर घालेनासा झाला. सुट्टी मिळाली ती वेगळ्याच कारणावर, पोटाच्या.

मग धक्क्यावरचं ठाणं. बेटावर कुटुंबाला घेऊन जाणारा परदेशी म्हणून तिथल्या कारकुनानं त्याला बाजूला घेतलं आणि बेटावर कुणाकडं उतरणार म्हणून विचारलं. हॉटेलात, अब्बास म्हणाला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. बेटावर हॉटेल नाही, म्हणाला. आपण कुठल्या हॉटेलबद्दल बोलतोय ते अब्बासनं मोडक्या अरबीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं: हिरवं दार, भात, मासा. कारकून पुन्हा म्हणाला, हॉटेल नाही. अब्बासला त्याची कीव आली. खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाला जगात कुठं काय चांगलं मिळतं ते कसं कळणार?

शेवटी कारकुनानंच तोड काढली. फैलकावर एक मकाम, म्हणजे पिराचं ठिकाण, आहे, तिथं मूल व्हावं म्हणून बायका नवस करायला जातात. तेच कारण त्यानं टाकलं आणि शिक्का मारला. अब्बासची चार मुलं बाणकोटला शाळेत जात होती, थोरल्याला मिसरूड फुटली होती. लाँचवर नाखव्यानं कागद वाचला आणि सगळ्या लाँचला ऐकू जाईल अशा आवाजात त्या दोघांसाठी दुआ मागितली. बायांनी झुलेखाला वाऱ्याच्या आडोशाला बसवलं, एकीनं खजूर हातात ठेवला. झुलेखानं अब्बासकडं बघितलं. अब्बास समुद्राकडं बघत होता.

समुद्राकडं बघण्याचं त्याला आणखीही कारण होतं. आपल्या रक्तातच समुद्र आहे, आमच्या आजोबांची गलबतं होती, असं तो निघताना हुसेनला सांगून आला होता. लाँच जरा हलली आणि सकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं समुद्रात गेलं. झुलेखाला काही झालं नाही. ती खजूर खात होती.

बेटावर उतरला तेव्हा अब्बासच्या पोटात अक्षरशः काही नव्हतं. धक्का, वाळू, मातीची ठेंगणी घरं, आणि थोडं वर चढल्यावर हिरवं दार. उघडं. आतून भाजलेल्या माशाचा असा वास येत होता की अब्बासनं मनातल्या मनात मजीदचे पाय धरले.

आत लांबट खोली. भिंतीला धरून गाद्या, त्यांवर दहा-बारा अरब टेकून बसलेले. अब्बासनं सलाम केला आणि सगळेच्या सगळे उठून उभे राहिले.

गिऱ्हाईक आलं म्हणून उठून उभं राहणारं हॉटेल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या दारातून काळ्या बुरख्यातली एक वयस्क बाई आली, झुलेखाचा हात धरला आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. मजीद म्हणाला तस्संच. अब्बासनं चपला काढल्या आणि सगळ्यात वरच्या बाजूची गादी पकडली. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा तसबीहचे मणी फिरवत निवांत बसला होता. अब्बासनं ओळखलं, हा मालक.

वेटर ओळखायला तर काहीच वेळ लागला नाही. सगळे बसले तरी एकच माणूस उभा होता. चाळिशीचा, साधा पांढरा झगा, हातात लांब चोचीची किटली. तो आला, अब्बासच्या हातात बिनकानाची चिमुकली कपी दिली आणि कडू कॉफी ओतली. अब्बास प्यायला. त्यानं परत ओतली. अब्बास परत प्यायला. फुकटची दिसतेय, नाही कसं म्हणायचं? पुरे झालं की कपी हलवायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो रिकामी कपी सरळ धरायचा आणि माणूस ओतायचा. दोघंही घामाघूम झाले तेव्हा म्हाताऱ्यानंच हात पुढं करून अब्बासची कपी हलवली.

मग जेवण आलं. मधोमध भलंमोठं ताट, भाताचा डोंगर, त्यावर अख्खा हमूर मासा आडवा. मंडळी भोवती बसली. वेटर उभाच. अब्बास बसला, भात तोंडात घातला आणि त्याच्यातला खाण्यातलं कळणारा माणूस जागा झाला.

त्यानं टाळी वाजवून वेटरला बोलावलं. कांदा आण. वेटर आत गेला, कांदा आणला. अब्बासनं तो बघितला आणि कापून आण म्हणून खूण केली. वेटर परत गेला, कापून आणला. मग लिंबू. मग दुसरं पाणी, ह्यात वास येतो. प्रत्येक वेळी तो माणूस छातीवर हात ठेवून हसायचा आणि जायचा. हिंदुस्थानातल्या सगळ्या वेटरांना इथं आणून दाखवलं पाहिजे, असं अब्बासला वाटलं. भातात तिखट मात्र अजिबात नव्हतं. तेव्हा त्यानं खिशातून झुलेखानं केलेल्या बोंबलाच्या चटणीची बाटली काढली आणि भल्या मनानं आपल्या बाजूला थोडी आणि बाकीच्यांच्या बाजूला जास्त, अशी ताटावर शिंपडली. समोरच्या माणसाचे डोळे भरून आले. त्याला खोकला सुरू झाला तो थांबेना. वेटर पाठीवर हात फिरवत त्याला बाहेर घेऊन गेला.

अब्बासनं शेजारच्या म्हाताऱ्याला हिंदीत सांगितलं, की मासा ताजा आहे, पण तुमच्या भटाऱ्याला मसाला कळत नाही. म्हाताऱ्यानं मान डोलवली. पोट भरल्यावर अब्बासनं बोटं पुसली, वेटरला जवळ बोलावलं आणि मोठ्या दिलानं म्हणाला, “हिसाब.”

तसबीहचे मणी थांबले. वेटरचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग कानापर्यंत लाल. त्यानं किटली जमिनीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

म्हातारा हिंदीतच बोलायला लागला, आणि अब्बासच्या अंगावर काटा आला. तरुणपणी हा माणूस खजूर घेऊन मुंबईपर्यंत गलबत हाकत असे. कोकणातली बंदरं त्यानं पाहिली होती. म्हणजे हा सगळा वेळ त्याला सगळं समजत होतं.

“बेटा, ये हॉटेल नहीं है,” तो सावकाश म्हणाला. “ये घर है.”

“किसका?” अब्बासनं विचारलं.

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाकडं बोट दाखवलं. “बू यूसुफ. जिस लाँच में तू आया, वो भी इसी की है.”

पुढचं म्हाताऱ्यानं समजावून सांगितलं. ही खोली म्हणजे घरातल्या पुरुषांची बैठक. हिचं दार दिवसा बंद करायचं नसतं. आत आलेल्याला कोण, कुठला, का आलास, हे विचारायचं नसतं, आधी जेवू घालायचं असतं. आणि पाहुणा जेवत असताना घरमालक बसत नाही. तो उभा राहतो आणि स्वतःच्या हातानं वाढतो. नोकरावर सोपवत नाही. कांदासुद्धा.

अब्बासला वाटलं, ही जमीन फाटेल तर बरं. पण बेट पडलं सपाट. फाटणार कुठं?

म्हाताऱ्याचं अजून संपलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यातही तुमच्यातला एक आला होता, इंजिनीअरची पेटी घेऊन. जेवला, इथंच झोपला, दुसऱ्या दिवशीही राहिला. जाताना गादीत गाठी आहेत, असं सांगून गेला. बू यूसुफनं त्यानंतर कापूस पिंजून घेतला. अब्बासच्या डोळ्यांसमोर विडी विझवणारा मजीद उभा राहिला. त्या क्षणी मजीद तिथं असता तर कुवेतच्या पोलिसांना एक गुन्हा जास्तीचा नोंदवावा लागला असता.

अब्बासनं बू यूसुफचे हात धरले. माफी मागायची होती, पण त्याची सगळी अरबी स्टोअरमधली होती: पाइप, खिळा, उद्या ये. तोंडातून “उद्या ये” निघालं. बू यूसुफनं छातीवर हात ठेवून होकार दिला. आता तर पळण्यावाचून इलाजच नव्हता. परतीची लाँच असरच्या, दुपार उतरतानाच्या, नमाजनंतर सुटणार होती, आणि असर होऊनही गेली होती.

तेवढ्यात त्याला झुलेखा आठवली आणि घाम फुटला. ती पण हॉटेल समजूनच आत गेली होती. खाण्यातलं तिला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, हे त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, आणि आलं ते नेमकं अशा वेळी. आत तिनं काय काय परत पाठवलं असेल? कुणाला भांडी परत घासायला लावली असतील? तो अंगणाच्या दाराशी गेला आणि पडद्याबाहेरून दबक्या आवाजात हाक मारली. आतून बायकांच्या हसण्याचा मोठा लोट आला. मग पडदा जरासा सरकला. झुलेखाच होती. उजव्या हाताच्या बोटांना भात चिकटलेला.

“अगो, चल लवकर,” अब्बास कुजबुजला. “घात झाला. हे हॉटेल नाय. लोकांचं घर आहे.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे? कधीपासनं?”

“पाऊल टाकलं तेव्हापासनं. आत पाळणा होता, पोर होतं त्यात. दोरीवर दुपटी. हॉटेलात दुपटी वाळत घालतात काय?”

अब्बासला खोलीतले सगळे प्रसंग एकामागून एक आठवले. टाळी. कांदा. चटणी. ह्यातलं प्रत्येक पाऊल तो टाकत असताना भिंतीपलीकडं त्याच्या लग्नाच्या बायकोला सगळं ठाऊक होतं.

“मग निरोप तरी धाडायचास,” तो जवळजवळ रडत म्हणाला. “माझी अब्रू गेली की तिथं.”

“निरोप धाडला असता तर तुम्ही मला ताटावरनं उठवून नेलं असतं.” तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. “मला जेवायचं होतं.”

“बरं, झालं ना जेवून? लाँच सुटतेय. सगळं गाव हसेल मला.”

झुलेखानं बोटांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

“अर्धंच झालंय,” ती म्हणाली. “लाँच जाऊ दे.”

आणि पडदा पडला.

अब्बास तिथंच उभा राहिला. धक्क्याकडून लाँचचा भोंगा ऐकू आला. आत्ता धावलं तर गाठता येईल. एकट्यानं. किंवा पडदा सारून हात धरून तिला ओढून काढता येईल, नवरा आहे तो. त्यानं हात पडद्यापर्यंत नेलाही. आत कुणीतरी अरबीत काही म्हणालं आणि झुलेखा हसली. त्या आवाजाची ओळख पटायला त्याला वेळ लागला. फिंतासच्या खोल्यांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता. भाकऱ्या थापताना माणूस असा हसत नाही. भोंगा दुसऱ्यांदा झाला आणि मग इंजिनाची धडधड लांब लांब जात विरली. अब्बासनं हात खाली घेतला.

तो वळून खोलीत आला आणि वरची गादी सोडून दाराजवळच्या सगळ्यात खालच्या गादीवर बसला. बू यूसुफ आला, त्याला धरून परत वर बसवलं आणि कपी हातात दिली. ह्या वेळी अब्बासनं एकाच कपीनंतर ती अशी जोरात हलवली की थेंब म्हाताऱ्याच्या दाढीवर उडाले.

दिवस कलायला लागला तशी गावातली माणसं यायला लागली. प्रत्येकजण सलाम करून बसायचा, आणि म्हातारा त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायचा. ऐकणारा आधी थक्क व्हायचा, मग पोट धरून हसायचा आणि मग उठून, वारलेल्याच्या घरी करतात तसा, अब्बासचा हात दोन्ही हातांत दाबायचा. अब्बास जमिनीवरच्या चटईची वीण बघत राहायचा.

चौथा की पाचवा माणूस आला तोवर म्हातारा दमला होता. त्यानं हकिकत आटोपती घेतली आणि चटणीचा भाग गाळलाच. अब्बासनं मान वर केली. गोष्टीत एवढं मोठं भगदाड पाडणं त्याला बघवेना. त्यानं खिशातून बाटली काढली, वर धरली आणि ती ताटावर कशी शिंपडली ते हातानं करून दाखवलं. खोकणारा माणूस तिथंच बसला होता. तोही खोकून दाखवायला लागला. भिंतीपासून भिंतीपर्यंत हशा उसळला. बू यूसुफच्या हातातली किटली हिंदकळली.

हसणं ओसरलं तेव्हा आतल्या बाजूनं झुलेखाचा आवाज आला. मोडक्या हिंदीत ती कुणाकडं तरी काही मागत होती. अब्बासनं कान टवकारले. मासा. आणखी. डोकं नको, शेपूट नको. मधली तुकडी.

परकारांच्या घरात मधली तुकडी पुरुषांची आणि पाहुण्यांची. बाई खाते ती डोक्याकडची नाहीतर शेपटीकडची, तीही उरली तर. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही. मधली तुकडी झुलेखाला आवडते का, हे इतक्या वर्षांत त्याला माहीत नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

“क्या बोलती है?” म्हाताऱ्यानं विचारलं.

अब्बास म्हणाला, “जेवतेय.”

आणि त्यानं बू यूसुफच्या हातातली किटली आपल्या हातात घेतली, उठून उभा राहिला आणि सगळ्यांना कॉफी ओतायला लागला.